विश्लेषण : अनुदान संपताच विमान का थांबते? लहान विमानतळ टिकणार कसे?

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावर 9 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले. कोकणवासीयांची अनेक वर्षांची मागणी पूर्ण झाली. मात्र तीन वर्षांनी, ऑक्टोबर 2024 मध्ये ही मुंबई सेवा बंद पडली. धावपट्टी आणि टर्मिनल जागेवरच होते. संपली होती ती ‘उडान’ योजनेतील अनुदानाची मुदत.

‘उडान’चे गणित काय?

ही योजना ऑक्टोबर 2016 मध्ये जाहीर झाली. सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी विमानातील साधारण निम्म्या जागांचे भाडे सुरुवातीला 2,500 रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले. त्यामुळे कंपनीला होणारा तोटा ‘व्हायबिलिटी गॅप फंडिंग’मधून भरून दिला जातो. यातील 20 टक्के वाटा बहुतेक राज्यांना उचलावा लागतो. उर्वरित रक्कम मुख्यतः मोठ्या मार्गांवरील विमानांवर लावलेल्या शुल्कातून येते. ही मदत तीन वर्षांची. त्यानंतर मार्ग स्वतःच्या बळावर चालावा, ही अपेक्षा.

अपेक्षा कितपत खरी ठरली?

‘कॅग’च्या 2023 मधील अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यातील केवळ 54 टिकून होते.

मार्ग का तुटतात?

लहान शहरांच्या मार्गांवर बहुधा सत्तर-बहात्तर आसनांची एटीआर विमाने वापरली जातात. जागा कमी, त्यामुळे प्रत्येक प्रवाशामागचा खर्च जास्त. अनुदान थांबले की तिकीट महागते आणि प्रवासी पर्याय शोधतो. सिंधुदुर्गकरांसाठी जानेवारी 2023 पासून गोव्यातील मोपा विमानतळ, तर जून 2023 पासून कणकवलीला थांबणारी मुंबई-मडगाव वंदे भारत उपलब्ध झाली. शिवाय दिवसाला एकच विमान असेल आणि तेही वारंवार रद्द होत असेल, तर कामासाठी जाणारा माणूस त्यावर विसंबत नाही.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेत 1978 मध्ये विमान वाहतूक खुली झाली, तेव्हा लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून ‘इसेन्शियल एअर सर्व्हिस’ ही योजना आली. ती दहा वर्षांसाठी होती, पण आजही सुरू आहे. खर्चावरून तिच्यावर टीका होते. तरी मदत कोणाला द्यायची, याचे निकष ठरलेले आहेत: जवळच्या मोठ्या विमानतळापासूनचे अंतर आणि प्रवाशामागे होणारा सरकारी खर्च.

मग आपल्याकडे काय हवे?

2025 च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’मधून दहा वर्षांत 120 नवी ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी सोलापूर-मुंबई मार्गासाठी राज्य सरकारनेच तफावत भरून देण्याचा निर्णय घेतला. पण प्रत्येक मार्ग कायम पोसणे शक्य नाही आणि योग्यही नाही. तासाभरावर दुसरा विमानतळ असलेला जिल्हा आणि रेल्वेही धड नसलेला डोंगराळ भाग यांना एकच तीन वर्षांचा नियम लावणे हीच मूळ चूक आहे. कोणता मार्ग गरजेचा आणि कोणता सोयीचा, हे मुदत संपण्याआधी जाहीर निकषांवर ठरायला हवे. तसे झाले नाही, तर उद्घाटने होत राहतील आणि चौथ्या वर्षी धावपट्ट्या रिकाम्या राहतील.