गेम 'पास' की नापास?

बॉस, एक साधा प्रश्न. दर महिन्याला तुमच्या अकाउंटमधून आपोआप किती पैसे कटतात, हे तोंडपाठ सांगता येईल? फ्लॅटचा हप्ता सांगाल, एसआयपी सांगाल, इन्शुरन्सही आठवेल. मग दोन सिनेमावाले, एक गाणीवाला, फोटो ठेवायला घेतलेली क्लाउडवरची जागा, जिम (जाता की नाही, हा वेगळा विषय) आणि गेमिंगचं सबस्क्रिप्शन. हे शेवटचं नाव घेताना आवाज जरा खाली येतो. आई किंवा बायको शेजारी बसली असेल तर फारच!

आजचा विषय तोच. ठेवायचं की सोडायचं?

उदाहरण घेऊ एक्सबॉक्स गेम पासचं, कारण त्याच्याएवढी बोंब दुसऱ्या कुठल्या सबस्क्रिप्शनबद्दल झाली नाही. जून 2017 मध्ये ही स्कीम आली तेव्हा अमेरिकेत महिन्याला 9.99 डॉलर पडायचे. शंभरेक गेम्स, हवे तेवढे खेळा. आयडिया सॉलिड होती. पुढे 2019 मध्ये 'अल्टिमेट' आलं 14.99 ला. 2023 मध्ये ते 16.99 झालं, 2024 मध्ये 19.99. इथपर्यंत लोकांनी 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं. मग 1 ऑक्टोबर 2025 ला कंपनीने अल्टिमेट एका दमात 29.99 डॉलरवर नेलं. थेट पन्नास टक्के! त्या दिवशी इतकी जनता कॅन्सल करायला धावली की ते पानच काही काळ उघडेना, अशा बातम्या आल्या.

आपल्याकडे तर टक्केवारी आणखी वर गेली. भारतात अल्टिमेट 829 रुपयांवरून 1,389 वर गेलं. फक्त पीसीवर खेळणाऱ्यांचं पॅकेज 449 वरून 939. म्हणजे दुपटीहून जास्त! ज्यांना कॉलेजात सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक खेळल्याचं आठवतं, त्यांना हा आकडा जरा जास्तच टोचला असणार.

बदल्यात काय मिळालं? यादी मोठी आहे. वर्षाला पंच्याहत्तरहून जास्त गेम्स रिलीजच्या पहिल्याच दिवशी, युबिसॉफ्टच्या जुन्या गेम्सचं कलेक्शन, नोव्हेंबर 2025 पासून फोर्टनाइटचं मासिक पॅकेज, आणि क्लाउडवरून आधीपेक्षा चांगल्या क्वालिटीत खेळण्याची सोय. ही क्लाउडची भानगड भारतात नोव्हेंबर 2025 मध्येच सुरू झाली. यादी वाचून भारी वाटतं. पण मला थाळी संपवता येत नसताना वर दोन गोड पदार्थ वाढले आणि बिल वाढवलं, तर मी खूश व्हायचं की वेटरकडे बघायचं? फोर्टनाइट कधी उघडलंच नसेल, तर त्याचं पॅकेज 'फ्री' मिळून उपयोग काय?

आता खरी गंमत. ही वाढ लागू झाली तेव्हा भारत, जर्मनी, आयर्लंड, दक्षिण कोरिया, पोलंड, इटली अशा काही देशांतल्या जुन्या मेंबरांना कंपनीने कळवलं की तूर्तास तुमच्या चालू सबस्क्रिप्शनला नवा दर लागणार नाही. आपोआप रिन्यू होतंय तोवर जुनेच पैसे. पण एकदा बंद करून परत आलात, तर नवा दर.

मुंबईकरांना हा प्रकार समजावून सांगायला नको. हे पागडीच्या खोलीसारखं आहे. गिरगावात खोली आहे, भाडं जुनं आहे, राहायला सगळे डोंबिवलीला. खोलीला कुलूप. पण सोडायची नाही, कारण 'एकदा सोडली की परत मिळायची नाही'. असे जुन्या दराचे मेंबर मला माझ्याच ऑफिसात तीन सापडले. तिघांनीही गेल्या दोन महिन्यांत कन्सोल सुरू केलेला नाही. तिघेही म्हणतात, 'अरे, पण 829 मध्ये पडतंय ना!'

829 गुणिले 12 म्हणजे 9,948. कुलूप लावलेल्या खोलीचे वर्षाला दहा हजार! पागडीच्या खोलीची निदान पुढे-मागे रीडेव्हलपमेंट तरी होते. इथे तीही आशा नाही. जुना दर ही बचत आहे, पण जो तिथे राहतो त्याची.

नव्या दराने घेणाऱ्याचं गणित वेगळं. ऑक्टोबर 2025 मधल्या 1,389 च्या हिशोबाने वर्षाचे 16,668. कन्सोलवरचा एखादा नवाकोरा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे वर्षाला असे तीन गेम विकत आणून वर थोडे पैसे उरतील. आता मागच्या वर्षी तुम्ही किती गेम पूर्ण केलेत ते बोटांवर मोजा. डाउनलोड केलेले नाहीत, सुरू करून सोडलेले नाहीत, पूर्ण केलेले. एका हाताची बोटंही पुरून उरत असतील, तर उत्तर तुमच्या हातातच आहे.

तासांचा हिशोबही करून बघा. आठवड्याला दीड तास, म्हणजे महिन्याला सहा तास खेळत असाल, तर 1,389 च्या दराने तास पडतो साधारण 231 रुपयांना. महिन्याला पंचवीस तास खेळणाऱ्याला तोच तास 56 रुपयांना. त्याला हे सबस्क्रिप्शन आजही स्वस्तच आहे, आणि त्याने माझं ऐकून ते बंद करू नये. 2025 च्या एप्रिलमध्ये 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन 33' पहिल्या दिवशी गेम पासवर आला, सप्टेंबरमध्ये 'हॉलो नाइट: सिल्कसाँग', नोव्हेंबरमध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'चा नवा भाग. ज्याने हे तिन्ही खेळले, त्याचे पैसे फिटले. वादच नाही.

पण आपल्यातले बहुतेक जण दोघांच्या मधे कुठेतरी असतात. त्यांची खरी अडचण पैशांची नसतेच. ती असते शुक्रवारची रात्र.

माझा एक मित्र आहे, हिंजवडीत कामाला. त्याच्या ग्रुपमधला एक बंगळुरूत, एक न्यू जर्सीत, एक नाशिकला वडिलांचा धंदा सांभाळतोय. चौघं इंजिनीअरिंगला एका रूमवर राहायचे. आता वर्षातून एकदा कुणाच्या लग्नात भेटतात, तेही चौथा कधीच नसतो. पण शुक्रवारी रात्री साडेदहाला हेडफोन लावून चौघं ऑनलाइन येतात. (न्यू जर्सीवाल्याची तेव्हा दुपार असते. तो 'मीटिंग' लावून बसतो.) गेम हे निमित्त. खरं चालतं ते 'बाबांचं ऑपरेशन कसं झालं', 'नोकरीचं काय केलंस'. दर वाढले तेव्हा नाशिकवाला म्हणाला, मला परवडत नाही, मी बाहेर पडतो. आणि बाकी तिघांना कळेना की त्याला काय म्हणावं. पैसे आम्ही भरतो म्हटलं तर तो दुखावणार. काहीच नाही म्हटलं तर शुक्रवार गेला.

अशा ग्रुपसाठी सगळ्यात महागडं पॅकेज लागतं, हा गैरसमज आहे. कन्सोलवर विकतचा गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला सगळ्यात खालचं 'इसेन्शियल' पॅकेज पुरतं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचा भारतातला दर होता 499. फोर्टनाइटसारखे जे गेम मुळातच फुकट आहेत, त्यांना एक्सबॉक्सवर 2021 पासून कुठलंच सबस्क्रिप्शन लागत नाही. आणि पीसीवर खेळणाऱ्याला तर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळण्याचे वेगळे पैसे पडतच नाहीत, फक्त गेम हवा. त्या चौघांनी शेवटी असा एक फुकटातला गेम धरला. न्यू जर्सीवाला रोज त्याला शिव्या घालतो, पण शुक्रवारी हजर असतो.

मधलं 'प्रीमियम' पॅकेजही आहे, तेव्हाचा दर 699. त्यात नवे गेम पहिल्या दिवशी मिळत नाहीत. एक्सबॉक्सचे स्वतःचे गेम वर्षभरात येतात, 'कॉल ऑफ ड्यूटी' मात्र त्यातून वगळलाय. माझं प्रामाणिक मत विचाराल, तर नोकरी करणाऱ्या माणसाला 'पहिला दिवस' हा प्रकार लागतोच कशाला? आपण सिनेमाही तिसऱ्या आठवड्यात बघतो. गेम वर्षभर जुना झाला म्हणून त्याची मजा आंबत नाही. उलट तोवर त्यातले बग निघालेले असतात.

आणि घरी बरा पीसी असेल तर विकत घेण्याचा रस्ता विसरू नका. स्टीमवर 2015 पासून रुपयांत किमती आहेत आणि मोठे सेल वर्षातून अनेकदा लागतात. एपिक 2018 च्या डिसेंबरपासून फुकट गेम वाटतंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 2020 मधला 'राजी' अजून खेळला नसाल, तर सेलमध्ये तो जरूर उचला. विकत घेतलेला गेम लायब्ररीत पडून राहतो, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबतो. सबस्क्रिप्शनवरचा गेम कधी यादीतून उडेल याचा नेम नाही, आणि उडतो तो नेमका तुम्ही शेवटच्या बॉसपर्यंत पोचलेले असताना.

राहता राहिलं कॅन्सल करायचं. दर सारखे वर-खाली होत असतात, त्यामुळे आधी आपल्या अकाउंटमध्ये पुढच्या रिन्यूअलचा आकडा काय दिसतो तो बघा, मगच ठरवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप पैसे कटण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला मेसेज यायला हवा. तो न वाचता उडवू नका. यूपीआयवरून ऑटोपे लावलं असेल तर अॅपमध्येच तो मॅन्डेट दिसतो आणि तिथूनच बंदही करता येतो. रिन्यूअल बंद केलं तरी भरलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत गेम्स चालतात. सेव्ह केलेला गेमही पुसला जात नाही. 'एक्सपिडिशन' अर्धवट राहिलं असेल, तर पुढे कधीतरी त्याच एक्सबॉक्स स्टोअरमधून सेलमध्ये विकत घ्या आणि जिथे थांबला होतात तिथूनच सुरू करा.