खुर्ची नव्हे, हुन्नर आणि कागद



वधू-वर मेळाव्यासाठी येणारे अर्ज चाळले की आपल्या इंदूरकर मराठी समाजाच्या मनात काय आहे ते चटकन कळते. अपेक्षांच्या रकान्यात पहिला शब्द असतो 'सरकारी', दुसरा 'कायम'. मुलगा काय शिकला, काय करू शकतो, हे पुढे कुठेतरी खाली. आईवडिलांची काळजी खोटी नाही. पण ज्या खुर्चीच्या भरवशावर ही काळजी उभी आहे, ती खुर्ची आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, याची चर्चा आपल्या घरांत मोकळेपणाने होत नाही. म्हणून या अंकात हा विषय.

जरा मागे पाहू. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि दिवाण तात्या जोगांच्या काळात शहराची घडी बसली. आपले पूर्वज दफ्तरात, खजिन्यात, वसुलीच्या कामावर लागले. कशामुळे? मोडी झरझर लिहिता येत होती, हिशेब चोख ठेवता येत होता म्हणून. पुढे इंग्रजीची गरज पडली तेव्हा आपली मुले इंग्रजी शिकली. १८९१ साली सुरू झालेल्या होळकर कॉलेजात अनेक घरांची पहिली पदवी आली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली भोपाळ राजधानी झाली. दरबार गेला, पण आपली माणसे कचेरीत, कोर्टात, बँकेत, रेल्वेत, शाळा-कॉलेजांत उभी राहिली. म्हणजे आपली घरे खुर्चीने तगवली नाहीत. दर पिढीने काळाला हवे ते नवे शिकून घेतले, म्हणून ती तगली. आपण खुर्ची लक्षात ठेवली आणि शिकणे विसरलो.

खुर्चीचा भरवसा किती, हे याच शहराने दाखवले आहे. हुकुमचंद मिल १९९२ साली बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द व्हायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. एकतीस वर्षे! किती जणांनी तो दिवस पाहिलाच नाही. तरी हेही विसरू नये की संघटनांनी कोर्टात चिकाटी धरली आणि कामगारांनी आपले कागद जपले, म्हणूनच ते पैसे मिळाले.

सरकारी नोकरीचे काय? केंद्रात १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना (सेनादले वगळून) जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. २०१३ साली याच शहरात व्यापमच्या परीक्षांतील घोटाळा उघडकीस आला आणि प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या पोरांचा विश्वासच उडाला. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. भंवरकुआँच्या खोल्यांत तिशी गाठणारी मुले आपल्याही घरची आहेत. परीक्षा देऊ नका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण किती वर्षे द्यायच्या हे सुरुवातीलाच घरात बसून ठरवावे, आणि त्या वर्षांत पोटापाण्याचे एखादे काम सोबत शिकत राहावे.

उरले खासगी क्षेत्र. पीथमपूरचे कारखाने आहेत, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, आणि रात्रीच्या बसने गाठायचे पुणे तर आहेच. इथे पगार बरा मिळतो. पण काम बहुधा ठराविक मुदतीचे, कधी ठेकेदारामार्फत. आपली मुले कामात हुशार, मात्र स्वतःच्या हक्काचा कागद मागायला संकोचतात. 'आत्ताच लागलो, लगेच कसे विचारायचे?' हा संकोच महागात पडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. ठराविक मुदतीच्या नोकरीत एक वर्ष भरले तरी ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पूर्वी पाच वर्षे लागत. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवला, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही; केंद्रीय कायद्यात ही मर्यादा पूर्वी शंभराची होती. म्हणजे एका हाताने कागद दिला आणि दुसऱ्या हाताने दार थोडे सैल केले. अशा वेळी ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्याजवळ काहीच नाही.

म्हणून तरुणांना काही साध्या सूचना. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि सोडचिठ्ठी यांची एक फाइल घरी ठेवा. सही करण्यापूर्वी नोटीसची मुदत आणि बाँडची अट वाचा. कळले नाही तर समाजातील वकिलांना विचारा. नोकरी बदलताना भविष्य निधी काढून मोटारसायकल घेऊ नका. खाते पुढे नेता येते, आणि त्यातल्या पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. दरवेळी पेन्शनचे पैसेही काढून घेतले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हुन्नराचेही तसेच. पदवी ही शिदोरी आहे, ती जन्मभर पुरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी स्वतःला विचारावे, 'उद्या ही कंपनी बंद झाली तर दुसरीकडे मला कोणत्या कामासाठी घेतील?' उत्तर सुचले नाही, तर शिकायची वेळ आली असे समजावे. कारखान्यातल्या मुलाने नवे यंत्र चालवायला शिकावे, हिशेबनिसाने जीएसटीत हात बसवावा, आणि कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने चार ओळींचे स्वच्छ पत्र लिहायला शिकावे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलांना तीन भाषांची पुंजी फुकट मिळाली आहे; ती गंजू देऊ नये.

हे सर्व एकट्यादुकट्याने होणारे नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातो; मग नोकरी लागलेल्या मुलाचे नेमणूकपत्र वाचून द्यायला महिन्यातून एक रविवार मंडळाच्या सभागृहात बसता येणार नाही का? निवृत्त बँक अधिकारी, वकील, पीथमपुरात वीस-वीस वर्षे काढलेले अभियंते आपल्यात आहेत. त्यांनी दोन तास द्यावेत. नोकरी करणाऱ्या आणि लग्न, बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जाऊ पाहणाऱ्या भगिनींसाठी तर हे बसणे अधिक गरजेचे आहे, कारण त्यांच्या खंडाचा हिशेब मुलाखतीत सर्वांत आधी मागितला जातो.

आणि निवडणुकीच्या दिवसांत हार-तुरे घेऊन जे दारी येतात, त्यांना आपण एवढेच विचारावे: भरती परीक्षांचे वेळापत्रक पाळले जाईल का? ठेकेदाराकडच्या मुलांना भविष्य निधी भरला जातो की नाही, हे तपासायला कोणी येते का? मराठी मतदार सुसंस्कृत आहे, गप्प बसतो, अशी आपली ख्याती आहे. या दोन प्रश्नांपुरती तरी ती मोडावी.

पुण्याला गेलेला मुलगा परत येईल की नाही, हे आपल्या हाती नाही. तो जिथे जाईल तिथे कोणाच्या मेहेरबानीवर न राहता ताठ मानेने काम करील, एवढी तयारी मात्र आपण नक्की करून देऊ शकतो. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी सभासदांना नम्र विनंती.

– संपादक