मनाचे माप कोणत्या भाषेत?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीसाठी पीएच.डी.ची सक्ती उठवून नेट-सेटसारखी परीक्षा हीच किमान पात्रता ठरविली, तेव्हा संशोधनाचे काय होणार अशी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु मानसशास्त्राच्या बाबतीत तरी मला हा निर्णय हितावह वाटतो. कारण जी पदवी केवळ नोकरीचा दाखला म्हणून संपादन करावयाची, तिच्यासाठी सोपी वाट शोधली जाते, आणि या शास्त्रातील सोपी वाट म्हणजे परदेशी प्रश्नावलीचा मराठी तर्जुमा करावा, जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून ती भरून घ्यावी आणि आलेल्या आकड्यांवर प्रबंध उभारावा.

‘मी खिन्न असते’ या छापील विधानापुढे खूण करणारी विद्यार्थिनी मिळेल. पण दिवसभर खुरपून घरी आलेली बाई ‘जिवाला घोर लागलाय’ म्हणते, ‘कशात मन लागत नाही’ म्हणते, आणि यांतील कोणता उद्गार चिंतेचा, कोणता विषादाचा व कोणता निव्वळ थकव्याचा, याचा निर्णय करणे हेच खरे संशोधन होय.

असे पडताळून केलेले काम आपल्याकडे पूर्वी झालेले आहे. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये रचलेली व टर्मन यांनी १९१६ साली अमेरिकेत सुधारलेली बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडील कानडी व मराठी भाषक मुलांसाठी सिद्ध केली, ती नुसत्या भाषांतराने नव्हे, तर कोणत्या वयाचे मूल कोणता प्रश्न सोडविते हे प्रत्यक्ष पडताळून. त्यांचा यावरील ग्रंथ १९४० साली निघाला. बिने-कामत चाचणी अद्यापही वापरात आहे, आणि यात त्यांच्या परिश्रमांचा जितका गौरव आहे, तितकाच नंतरच्या पिढ्यांनी हे काम पुढे न नेल्याचा ठपकाही आहे.

पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत असते. विषयाला मंजुरी देतानाच विद्यापीठांनी अशी तजवीज करावी, की पहिले वर्ष लोकांचे बोलणे ऐकण्यात व टिपण्यात गेले तरी ते वाया गेले असा शेरा कोणी मारू नये, आणि त्यातून तयार झालेली चाचणी प्रबंधाबरोबर कपाटात न पडता शाळांच्या व सरकारी दवाखान्यांच्या हाती जावी. ज्या बाईच्या शब्दांवर पदवी मिळाली, तिला डॉक्टरपुढे बसल्यावर स्वतःच्याच शब्दांत प्रश्न विचारला जावा, एवढे तिचे देणे आपण लागतो.