बी जिवंत आहे का?

बालमित्रांनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या परसबागेत माझी चांगलीच फजिती झाली. कपाटात दोन वर्षांपूर्वीचं बी होतं. पॉलिथिनच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं दोडक्याचं आणि कांद्याचं. मुलांनी हौसेने वाफे केले, बी टाकलं. आठवड्याने दोडक्याची चार-पाच रोपं दिसली. कांद्याच्या वाफ्यात मात्र एकही हिरवं टोक नाही! रोज पाणी घालणारा चौथीतला मुलगा हिरमुसून म्हणाला, "बाई, माझं पाणी कमी पडलं का?"

पाणी कमी पडलं नव्हतं. चूक माझी होती. ते बी मेलेलं होतं.

बी मरतं? हो तर! कोरडा, टणक दाणा आपल्याला खड्यासारखा वाटतो. पण त्याच्या पोटात इवलंसं रोप झोपलेलं असतं. ते अगदी हळूहळू श्वास घेतं आणि शिदोरी पुरवून पुरवून खातं. ओल आणि उष्णता मिळाली की त्याचा श्वास वाढतो, शिदोरी लवकर संपते, बुरशीही धरते. शास्त्रज्ञांचा एक ठोकताळा आहे : बियातली ओल एका टक्क्याने कमी केली, की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीची जागा पाच अंशांनी थंड केली, तरी दुप्पट! आपल्या आज्या मडक्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून बी का ठेवायच्या, कळलं ना? राख ओल शोषते आणि किडींनाही दूर ठेवते.

सगळ्या बियांचं आयुष्य सारखं नसतं. कांद्याचं बी साध्या डब्यात जेमतेम वर्षभर टिकतं. भोपळा, दोडका, टोमॅटो यांचं बी नीट वाळवलं तर तीन-चार वर्षं चालतं. आंबा, फणस, जांभूळ यांची तऱ्हाच उलटी! त्यांची बी वाळली की मेलीच. ती ताजीच लावायची.

आता एक नवल ऐका. अमेरिकेत मिशिगन इथे विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली २० बाटल्यांत वाळू आणि बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. बिया बहुतेक तणांच्या होत्या. त्यातली एक बाटली २०२१ साली काढली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही काही बिया उगवल्या! शेवटची बाटली २१०० साली काढायची आहे.

पण आपल्या पिकांचं बी तणासारखं चिवट नसतं. सोयाबीनचंच पाहा. त्याची साल पातळ, पोतं आपटलं तरी आतलं रोप दुखावतं. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात कितीतरी शेतांत सोयाबीन उगवलंच नाही. दुबार पेरणीची वेळ आली. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने त्याची आपणहून दखल घेतली. बी विकतचं असो की घरचं, पेरण्याआधी तपासलेलं बरं.

तपासायचं कसं? ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा. गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजा. सोयाबीनचे ७० किंवा जास्त उगवले, तर बी पेरायला योग्य. आईबाबांना ही मदत तुम्ही नक्की करू शकता. परसबागेसाठी ओल्या रुमालात १० दाणेही पुरेत.

आणि साठवताना? बी आधी चांगलं वाळवा. मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. वर नाव आणि तारीख लिहा. डबा थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

तरीही बी कायम टिकत नाही. ते अधूनमधून पेरून पुन्हा नवं बी धरावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे हेच करत आल्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत; पण गावरान वाणांचं बी त्यांनी जमवलं, पेरलं, लोकांना दिलं, बीजबँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

यंदा आम्ही आधी रुमालात दाणे ठेवले. गेल्या वर्षी हिरमुसलेल्या मुलानेच ते मोजले. दहातले आठ उगवले! "बाई, ऐंशी टक्के पास!" असं ओरडत तो वर्गात आला.

तुमच्या घरच्या डब्यातलं बी पास होतं का? करून पाहा आणि मला पत्राने कळवा हं!

तुमची,
बाई