अनघडपणाचे कौतुक आणि समीक्षेची पळवाट

मराठी समीक्षेत काही विशेषणे स्तुतीच्या पोशाखात वावरतात आणि काम मात्र निकाल देण्याचे करतात. ‘अनघड’, ‘निरागस’, ‘सहजस्फूर्त’, ‘अकृत्रिम’ ही त्या कुळातली. एखाद्या लेखनात दैनंदिन जगणे आपल्या सर्व उष्ट्याखरकट्यासह अवतरले, आणि लिहिणारी व्यक्ती प्रस्थापित साहित्यवर्तुळाबाहेरची असली, की ही विशेषणे न बोलावता हजर होतात. त्यांच्या जोडीला आता ‘अपूर्णतेचे सौंदर्य’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. जीवनातील न्यून नाकारू नका, त्यातच सौंदर्य पाहा, असा त्याचा उपदेश. तो दिसावयास उदार आहे; परंतु ही उदारता तपासून घेतली पाहिजे. न्यूनाला सुंदर ठरवले की न्यूनाकडे पाहण्याची गरज उरत नाही, आणि ज्याच्याकडे पाहिलेच नाही त्याचा स्वीकार केला असे म्हणण्यात अर्थ नाही.

ह्या भूमिकेचे मूळ एका प्रतिक्रियेत आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या सौंदर्याची मांडणी केली. घटकांचे परस्परसंबंध ज्या रचनेत ह्या तत्त्वांनी नियंत्रित झाले, ती रचना सुंदर. ह्या काटेकोर व्यवस्थेत रोजच्या जगण्यातील सांडलवंड कोठे बसवायची, हा प्रश्न पुढे अनेकांना पडला आणि तो रास्त होता. खुद्द मर्ढेकरांची कविता, पिपातल्या मेलेल्या उंदरांपर्यंत जाऊन, तो प्रश्न अधिकच तीव्र करते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून साहित्याचे स्वरूपच द्विध्रुवात्मक असल्याचे सुचवले. त्यातून घेण्याजोगा धडा उघड होता: जगण्याचे निकष आणि कलेचे निकष एकाच वेळी जागे ठेवायचे, आणि त्यांच्यातील ताण सोसायचा. समीक्षेतील एका मोठ्या प्रवाहाने मात्र हा ताण टाळला. पूर्णता ज्या आसनावर बसली होती, त्यावर तिने अपूर्णतेला नेऊन बसवले. आसन तेच राहिले, त्यापुढे मान लववण्याची रीतही तीच राहिली.

ह्या प्रवृत्तीच्या समर्थनार्थ हल्ली जपानी चहासंस्कृतीचा, तिच्यातील ‘वाबी-साबी’ ह्या संकल्पनेचा दाखला दिला जातो. तो दाखला शेवटपर्यंत नेला तर उलटाच बोध करून देतो. क्योतो येथील दाइतोकुजी मठाच्या परिसरात जतन केलेला ‘किझाएमोन’ हा चहाचा प्याला जपानमध्ये राष्ट्रीय ठेवा मानला जातो. मुळात ते कोरियातील सामान्य माणसाचे स्वस्त, रोजच्या वापरातले भांडे. यानागी सोएत्सु ह्या कलाचिंतकाने त्याची थोरवी गायिली ती ह्याच कारणाने, की घडवणाऱ्याने सौंदर्याची वा वैगुण्याची कोणतीही हौस न बाळगता उपयोगाची वस्तू घडवली होती. पुढे रसिकांच्या आवडीखातर मुद्दाम वेडेवाकडे प्याले घडवले जाऊ लागले, त्यावर यानागींनी टीका केली. ह्या कथेत लक्षात घ्यावयाची बाब अशी, की न्यूनात सौंदर्य पाहणारा डोळा चहाच्या दालनातील आहे. भांड्याला नाव मिळाले, कुंभाराला मिळाले नाही. वैगुण्याचे कौतुक करणारा आणि वैगुण्यासह जगणारा, ही दोन माणसे असतात. त्यांच्यातील अंतर विसरणारी सौंदर्यदृष्टी साहित्याला लावली की काय घडते, ह्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्राचे स्वागत.

१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाला प्रतिष्ठा लाभली नाही असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो प्रतिष्ठेच्या कारणांचा. घरगुती भाषा, साधेपणा, निष्कपट विनोद, रचनेचा आव नसणे, ही कारणे वर्षानुवर्षे सांगितली गेली. त्यांचा मथितार्थ असा, की लेखिकेच्या हातून काहीतरी सुंदर घडून गेले, तिने ते घडवले नाही. ‘ख्रिस्तायन’ हे नारायण वामन टिळकांनी आरंभिलेले ओवीबद्ध काव्य त्यांच्या निधनानंतर (१९१९) पुढे नेऊन त्याचा मोठा भाग रचणारी ही लेखिका आहे. तिला रचनेचे भान नव्हते हे गृहीत धरण्यास आधार कोणता?

आधार तर नाहीच; ग्रंथ त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. आरंभीच्या भागात लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे, नानांचे, सोवळे येते. १८५७ नंतरच्या धरपकडीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, त्या आघातानंतर हे सोवळे विकोपाला गेले, आणि बाहेरून घरात येणारी वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुतल्यावाचून शुद्ध मानली जाईना. निर्दोषतेच्या ध्यासाने एक घर कसे राहण्यास अयोग्य होते, ह्याचे ते चित्र आहे. पुढे टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरच्या ताटातुटीची वर्षे सरल्यावर लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास गेल्या त्या स्वतःचे सोवळे बरोबर घेऊन. ते त्यांनी हळूहळू, स्वतःशी भांडत सोडले, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. धुतल्याशिवाय मीठ न घेणाऱ्या घरातील मुलगी कोणाच्याही हातचे पाणी घेण्यापर्यंत येते, हे सूत्र ग्रंथभर वाहते. ते कोठेही अधोरेखित केलेले नाही. अधोरेखन टाळणे हीच येथली घडण आहे. ज्यांना ती दिसली नाही त्यांनी तिचे नाव ‘अनघडपणा’ असे ठेवले.

ह्या शब्दाने केलेले दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. ‘स्मृतिचित्रे’तील टिळक थोर आहेत: कवी, दाते, माणसामाणसांत भेद न करणारे. तेच टिळक तापट आहेत, संसार वाऱ्यावर सोडून निघून जाणारे आहेत, आणि त्यांच्या औदार्याची किंमत अनेकदा पत्नीच्या स्वयंपाकघरातून चुकती होते. लक्ष्मीबाई ह्या दोन बाजूंची बेरीज करीत नाहीत. थोरवीने दोष फेडला असे त्या म्हणत नाहीत, दोषाने थोरवी बुडाली असेही म्हणत नाहीत. दोन्ही खाती शेवटपर्यंत उघडी राहतात, आणि विनोद हे ती उघडी ठेवण्याचे साधन आहे. ‘अपूर्णतेतील गोडवा’ शोधणाऱ्या वाचनात मात्र टिळकांचा संताप कविमनाचा लहरीपणा होतो, पत्नीची परवड संसारातील गंमत होते. लेखिकेने जे सांगितले ते तिच्याच कौतुकाच्या नावाखाली पुसले जाते.

हीच प्रक्रिया पुढे दलित आत्मकथनांच्या बाबतीत अधिक उघडपणे घडली. ‘अनुभव अस्सल, घडण कच्ची’ हे सूत्र इतके सवयीचे झाले की ग्रंथ उघडण्यापूर्वीच ते लिहून ठेवता यावे. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आणि लेखक दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. एक सांगतो, दुसरा ऐकतो, आणि सांगणाऱ्याची पत्नीशी झालेली वागणूकही त्या सांगण्यातून सुटत नाही. ही निवेदनाची युक्ती कच्च्या घडणीची खूण नव्हे. आपल्या न्यूनाला आपणच साक्षीदार नेमण्याची ती व्यवस्था आहे. ह्या ग्रंथाने समाजाचे उणे चव्हाट्यावर आणले, असा आक्षेप काही दलित वाचकांनी घेतला होता. त्या आक्षेपाशी वाद घालता येतो, पण त्याने उणे हे उणे म्हणून तरी ओळखले होते. दाहक, म्हणून सुंदर, असे म्हणून मोकळ्या झालेल्या रसिकतेने तेवढेही केले नाही.

ह्यावर असे विचारले जाईल, की मग समीक्षेने पुन्हा निर्दोषतेची फूटपट्टी हाती घ्यावी काय? नानांच्या सोवळ्याकडे परत जावे काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. सोवळे आणि अनघडपणाचे कौतुक ह्या एकाच भीतीच्या दोन रीती आहेत. एक डाग धुऊन काढते, दुसरी डागाला नक्षी म्हणते. दोहोंनाही डाग डाग म्हणून शेजारी चालत नाही. दैनंदिन जीवनाचा अनुभव मात्र ह्याहून प्रौढ आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी बाई विरलेला भाग विरलेलाच समजते. म्हणून तर तेथे ठिगळ लावते. ठिगळ सुबक बसले तर तिला आनंद होतो, पण तेवढ्याने कापड विरले नव्हते असे तिला वाटत नाही.

समीक्षेला ह्याहून अवघड काही करावयाचे नाही. घडण असेल तेथे ती दाखवावी, मग लेखक कोणत्याही वर्तुळातला असो. उणीव असेल तेथे तिला उणीव म्हणावे: ‘स्मृतिचित्रे’त वा ‘बलुतं’मध्ये रचना सैल पडली असेल तर ते स्थळ नेमके सांगावे, जसे ते मर्ढेकरांच्या बाबतीत सांगितले जाते. दोष दाखवण्याइतका आदर ज्या लेखनाला मिळत नाही, त्याला मिळणारी स्तुती दयेच्या जातीची असते. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या माणसांवर दया केली नाही. त्यांना ओळखून त्यांच्यावर प्रेम केले. त्यांच्या ग्रंथाला समीक्षेकडून तेवढेच येणे आहे, आणि ते अद्याप चुकते झालेले नाही.