हॅम्पडेनचे २० शिलिंग : स्वातंत्र्य कोणाचे?

इंग्लंडच्या भांडवली इतिहासकारांनी जॉन हॅम्पडेनला स्वातंत्र्याचा अवतार ठरविले आहे. बकिंगहॅमशायरमधील हा बडा जमीनदार आणि पार्लमेंटचा सभासद. राजा पहिला चार्ल्स १६२९ पासून पार्लमेंट न बोलाविता राज्य करीत होता. आरमाराच्या नावाने किनाऱ्यावर बसविलेला ‘जहाजपट्टी’चा कर त्याने १६३५ मध्ये देशाच्या अंतर्भागावरही लादला. स्टोक मँडेविल येथील जमिनीवरील अवघे २० शिलिंग भरण्यास हॅम्पडेनने नकार दिला. १६३८ मध्ये १२ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी राजाच्या बाजूने कौल दिला. खटला राजाने जिंकला, पण राजसत्तेची प्रतिष्ठा धुळीला मिळाली. पुढे यादवी युद्धात चॅलग्रोव्हच्या चकमकीत जखमी होऊन २४ जून १६४३ रोजी हॅम्पडेन मरण पावला.

त्याचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. निरंकुश राजसत्तेशी झुंजणारा त्याचा वर्ग त्या काळी निःसंशय पुरोगामी होता. परंतु संमतीवाचून कर नाही, असे म्हणताना संमती द्यायची कोणी? परगण्यात मताचा हक्क होता तो वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन बाळगणाऱ्यांना. शेतमजुरांना आणि निर्धनांना त्या संमतीत स्थान नव्हते.

विजयानंतर हा वर्गीय आशय उघडा पडला. १६४७ मध्ये पटनी येथे सैनिकांनी पुरुषांसाठी व्यापक मताधिकार मागितला. तेव्हा जमीनदार घराण्यातलाच आणि पार्लमेंटचाही सभासद असलेला सेनानी हेन्री आयर्टन याने स्थावर मालमत्तेच्या नावाने ती मागणी अडविली. १६४९ च्या मे महिन्यात बर्फर्ड येथे बंडखोर सैनिकांपैकी तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी सरे परगण्यात पडीक जमीन सामाईकपणे कसू पाहणाऱ्या गरिबांना जमीनदारांनी हुसकावून लावले. राजाविरुद्ध लढताना रयत हवी होती. जमीन मागताच तीच रयत शत्रू ठरली!

या स्वातंत्र्याची सीमा समुद्रापलीकडेही दिसली. १८३१ मध्ये हॅम्पडेनचा गौरव करणारा निबंध मेकॉलेने लिहिला. त्याच मेकॉलेने १८३३ मध्ये कॉमन्स सभेत हिंदुस्थानात प्रातिनिधिक संस्था शक्य नसल्याचे प्रतिपादन केले आणि पुढच्याच वर्षी तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात येऊन बसला. बकिंगहॅमशायरच्या जमीनदाराला जे तत्त्व पवित्र, ते महसुलाखाली चिरडलेल्या हिंदी शेतकऱ्याला मात्र वर्ज्य!

हॅम्पडेनचा प्रश्न खरा होता. त्याच्या वर्गाने दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करण्याचे काम ज्यांच्यापाशी ४० शिलिंगही नव्हते, त्यांच्याच वारसांचे आहे.