मोडतोड आणि घडण

जुनी मोटारसायकल विकत घ्यावी, तिची टाकी, सीट, हँडल, मडगार्ड एकेक करून उतरवावे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने खपून आपल्या मनासारखी गाडी नव्याने उभी करावी, हा उद्योग आपल्याकडे अजून रिकामटेकड्यांचाच समजला जातो. कायद्याची दृष्टीही याहून फारशी उदार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थच ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

कायदा निष्कारण कठोर आहे, असे म्हणण्यात मात्र अर्थ नाही. पुढचे फोर्क लांबवून अधिक कलते केले की गाडी मोकळ्या रस्त्यावर नाकासमोर धावते. परंतु तीच गाडी बाजारपेठेच्या गर्दीत सावकाश वळविताना अंगावर येते. उंच हँडल बसविताना ब्रेकच्या तेलाची नळी लांब करावयाचे राहिले, तर हँडल पूर्ण वळताच ती ताणली जाते. चेसिसचा मागचा भाग कापून पुन्हा जोडणे तर त्याहून जोखमीचे. वेल्डिंगची शिवण वरून कितीही नितळ दिसो, तिच्या लगतचे पोलाद उष्णतेने बदललेले असते आणि इंजिनाच्या कंपनांनी पुढे नेमका तेथेच तडा जाऊ शकतो. मागे बसलेल्या माणसाला या शिवणीची काय कल्पना असणार? सायलेन्सर फोडून मध्यरात्री गल्ली जागविणाऱ्यांविषयी तर सहानुभूतीचे कारणच नाही. राज्यातील शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, तेव्हा सामान्य नागरिकाला समाधानच वाटले असेल.

प्रश्न उरतो तो दुसऱ्यांचा. बजाजची ॲव्हेंजर किंवा एन्फील्डची थंडरबर्ड अशी ऐसपैस बैठकीची जुनी गाडी घेऊन, पायटे आपल्या उंचीप्रमाणे पुढे घेण्यासाठी जो स्वतः पट्टी कापतो, भोके पाडतो, लेथवर बुश कातून घेतो, एक ब्रॅकेट तीनदा फेकून चौथ्यांदा नीट बनवितो, तो त्या सहा महिन्यांत जे शिकतो ते पाठ्यपुस्तकाच्या आकृतीत सापडत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगराची परंपरा अशाच हातांनी उभी राहिली. आपली औद्योगिक प्रशिक्षण केंद्रे मुलांना कानस धरावयास शिकवितात आणि त्याच मुलाने ती स्वतःच्या गाडीवर चालविली की त्याला गुन्हेगारांच्या रांगेत बसवितात, ही विसंगती कोणाला खटकू नये, याचे आश्चर्य वाटते.

अशा हातांचे श्रेय बुडविण्यात आपण एकटे नाही, हेही खरे. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या अमेरिकन चित्रपटातील गाड्यांनी या छंदाचे वेड जगभर पसरविले. त्या गाड्या म्हणजे पोलिसांच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन होत्या. त्यांना नवे रूप देण्यात लॉस एंजेलिसचे बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉग्स या दोघा कृष्णवर्णीयांचा मोठा वाटा होता. पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नव्हती. नटांची छायाचित्रे मात्र भिंतीभिंतींवर लागली.

घडण आणि मोडतोड यांतला भेद ओळखणे अशक्य आहे काय? ब्रिटनने २००३ मध्ये मोटारसायकलींसाठी एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी सुरू केली. हौशी माणसाने घरी बांधलेली गाडीही तीत तपासली जाते. ब्रेक, दिवे, आवाज, अणकुचीदार कडा हे सारे पाहिले जाते आणि उत्तीर्ण झालेली गाडी रीतसर नोंदविता येते. आपल्या कायद्यालाही अपवाद अगदीच अपरिचित नाहीत. गाडी वायूवर किंवा विजेवर चालविण्यासाठी इंजिनात ठराविक अटींवर बदल करता येतो. अपंग व्यक्तीसाठी नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने वाहन अनुकूल करून घेता येते. म्हणजे दार आहे, फक्त ते दोघातिघांपुरतेच किलकिले आहे.

ते आणखी थोडे उघडण्यास अवघड असे काही नाही. मोटारगाड्यांच्या चाचण्या घेणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. चेसिसला हात न लावता केलेले पायटे, हँडल, सीट, मडगार्ड यांसारखे बदल कोणत्या मापाच्या आत असावेत, याचे एक सुटसुटीत कोष्टक तिच्याकडून करून घेता येईल. परिवहन कार्यालयाने माफक शुल्क घेऊन त्या कोष्टकावर गाडी पारखावी, उतरली तर नोंदणीपुस्तकात एक ओळ लिहावी, नाही तर मूळ सुटे भाग पुन्हा चढविण्यास मुदत द्यावी. चेसिस कापणाऱ्याला आजचीच शिक्षा राहू द्यावी. यात दलालांचे नवे कुरण निर्माण होईल, ही शंका रास्त आहे. म्हणून तपासणीचे निकष आणि शुल्क कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावणे, ही या योजनेची पहिली अट असली पाहिजे.